ताराच्या गिरिधरचा गुडघा

तारानं उभ्या जन्मात एक उपास धड केला नव्हता. एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी शिंगाड्याचा शिरा आणि मधल्या वेळात हवा तेवढा चहा, याला ती उपास म्हणायची. वर हसून सांगायची, "देव काय माझ्या ताटात डोकावून राहिलाय का गं ताई?"

थोरल्या यमुताईंचं तसं नव्हतं. सोमवार, प्रदोष, दोन्ही एकादश्या, संकष्टी. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. रोज तुळशीला प्रदक्षिणा घातल्याशिवाय तोंडात घोट नाही. त्या वर्षी तर श्रावण अधिक आला होता. अधिकातलं तेहतीस अनारशांचं वाण झालं, मग निजश्रावणातले सोमवार आले, शुक्रवार आले. नुसत्या व्रतांनीच त्यांचा पावसाळा भरून गेला. आणि एवढं करून, देवाच्या दारी उभी राहिली थोरली आणि प्रसाद पडला धाकटीच्या हातावर!

दोघी बहिणींच्या ओटीत दुखणं मात्र एकच पडलं होतं. यमुताईंचा अनंत आणि ताराचा गिरिधर, दोघांचंही रक्त गोठत नसे. हा आजार आईकडून मुलाकडे येतो. आईला काही होत नाही, भोगतो तो मुलगा. अनंत रांगायला लागला तेव्हाच त्याचे गुडघे निळे पडायला लागले. यमुताईंना वाटलं, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, अंगारे झाले, शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, हिमोफिलिया. वरून जखम दिसायची नाही, पण आतल्या आत सांध्यात रक्त उतरायचं. गुडघा नारळाएवढा व्हायचा. पोर रात्रंदिवस तळमळायचं. सूज ओसरली की सांधा आधीपेक्षा थोडा अधिक आखडलेला असायचा. असा आखडत आखडत अनंत बत्तीस वर्षांचा झाला होता. कुबड्या घेऊन अंगणापर्यंत जायचा, बाकी दिवसभर खाटेवर. महाल भागातली मॅट्रिकची मुलं त्याच्याकडे गणित शिकायला यायची. खाटेभोवती चटया टाकलेल्या असायच्या.

ताराचा गिरिधर सात वर्षांनी लहान. त्याचा जन्म होईस्तोवर औषधपाणी थोडं सुधारलं होतं आणि थोरल्याचे हाल पाहून तारा शहाणी झाली होती. त्यामुळे त्याचा उजवा गुडघाच तेवढा कामातून गेला होता. हिंगण्याच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये तो नोकरीला होता. कंपनीच्या बसची पायरी चढताना मित्र त्याला वर ओढून घ्यायचे.

धंतोलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी दोघांनाही बोलावलं होतं. दोघांच्या आया सोबत होत्या.

"गुडघ्याचा कृत्रिम सांधा एकच आहे," डॉक्टर म्हणाले. "विलायती. मुंबईच्या एका ट्रस्टनं दिलाय. ऑपरेशन करायला तिथले सर्जन येतील, तेही काही घेणार नाहीत. खरा खर्च आहे रक्ताचा. एका गुडघ्यासाठी दीडेकशे माणसांनी तरी रक्त द्यायला हवं. त्यातला गोठवणारा अंश काढून, गारठवून ठेवायचा आणि जखम भरेस्तोवर रोज चढवायचा. एवढ्या लोकांचं रक्त ओतून पदरात काय पडेल, ते मला पाहावं लागतं."

यमुताईंच्या मनात शंका अशी नव्हतीच. अनंत थोरला, जास्त अधू. पंगतीत आधी कुणाला वाढायचं, हे काय सांगावं लागतं?

"गिरिधरचा दुसरा पाय शाबूत आहे," डॉक्टर सांगत होते. "हा सांधा बदलला की तो उभा राहील, नोकरी टिकेल. आज महिन्या-दोन महिन्यांनी त्या गुडघ्यात रक्त उतरतं आणि तुम्ही रक्तपेढीकडे पळता. ते थांबेल. चार-पाच वर्षांत ओतलेलं रक्त वसूल होईल." मग ते अनंतकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली आला. "तुझे दोन्ही गुडघे गेलेत, दोन्ही घोटे, डावा खुबा. एका सांध्यानं तू चालणार नाहीस. आणि गुडघे इतके आखडलेत, की आता त्यांत रक्तसुद्धा उतरत नाही. म्हणजे तिथं वाचवण्यासारखं…" ते तिथंच थांबले.

"काही उरलं नाही," अनंतनं वाक्य पुरं केलं. "बरोबर आहे डॉक्टर. गणित चोख आहे. मी तुमच्या जागी असतो तर यालाच निवडलं असतं." आणि त्यानं गिरिधरच्या पाठीत थाप मारली. "आता बसमध्ये उडी मारून चढ लेका!"

तारा पदर डोळ्यांना लावून रडत होती. यमुताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवायलाच हवा होता, म्हणून.

त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना. तुळशीला प्रदक्षिणा घालताना गिरिधरचा गुडघा डोळ्यांपुढे यायचा आणि मोजणी चुकायची. जपाला बसलं की कानात ताराचं हसणं. देवाशी त्या कधी भांडल्या नव्हत्या, आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण आता दिवा लावताना हळूच विचारायच्या, "माझे सोमवार कुठं गेले रे? तिच्या बटाट्याच्या किसाचं पुण्य जास्त भरलं का?" आधी त्यांना वाटलं, ही आपल्या लेकराची माया आहे, आपल्याला मिळावं असं कुणाला वाटत नाही? पण अनंतला तो सांधा मिळणार नाही, हे तर पक्कं झालं होतं. तरी मन म्हणत होतं, मग गिरिधरलाही मिळू नये. हे कळल्यावर त्या देवघरातून उठल्या आणि दारामागे जाऊन उभ्या राहिल्या, जणू देवापासून तोंड लपवायचं होतं.

भाद्रपद लागता लागता तारा धापा टाकत आली. अनंत खाटेवर वह्या तपासत बसला होता. ती त्याच्या पायाशीच टेकली.

"ताई, पुरुष संपले गं!"

"कुठले पुरुष?"

"आपले! गिरिधरच्या कंपनीतली अख्खी शिफ्ट देऊन गेली. ह्यांचं ऑफिस झालं, शेजारपाजार झाला, जावेच्या माहेरचे झाले. एकदा रक्त दिलं की तीन महिने पुन्हा घेत नाहीत. अजून पंचवीस-तीस माणसं कमी पडून राहिलीत. पेढीवाले म्हणतात, आता बायका आणा. आपल्या दोघींचं तर चालत नाही, दोष आपल्यातच. मला तुझं भजनी मंडळ आठवलं. त्या बायका तुझ्या शब्दाबाहेर नाहीत."

"कधी बोलावलंय?"

"मंगळवारी सकाळी. तेवढा एकच दिवस दिलाय. मग गणपती बसतात, महालक्ष्म्या येतात. त्या उठल्या की लगेच सर्जन येणार. तोवर रक्त जमलं नाही तर सांधा दुसऱ्या गावच्या रोग्याला देऊन टाकतील."

"मंगळवारी हरतालिका आहे," यमुताई म्हणाल्या.

"हो गं, एवढं मलाही कळतं. पण खिचडी-बिचडी खाऊन येतीलच ना सगळ्या?"

यमुताईंच्या जिभेवर शब्द आला होता. मंडळातल्या बायका हरतालिकेला खिचडीच काय, पाण्याचा थेंब घेत नाहीत. आणि रक्तपेढीत गेल्या गेल्या पहिला प्रश्न असतो, काय खाऊन आलात? उपाशी माणसाला तिथं खाटेवर घेतच नाहीत, हात जोडून परत पाठवतात. अनंतपायी यमुताईंनी त्या बाकांवर निम्मं आयुष्य काढलं होतं. त्यांना ते ठाऊक नसेल तर कुणाला?

"येतील," त्या म्हणाल्या. "मी सांगते."

"मावशी, चहा घेतल्याशिवाय जाऊ नको," अनंत वहीवरची मान वर न करता म्हणाला.

शनिवारी मुरलीधराच्या देवळात आरती झाल्यावर यमुताईंनी बायकांना थांबवून घेतलं. मंडळात पेटी वाजवणाऱ्या कुसुमताई सगळ्यांत पुढं होत्या. बोलायला मोकळ्या आणि अंगानं दणकट.

"तुमी म्हटलं म्हणजे येऊ बाप्पा. पोराच्या पायाचं काम हाय," कुसुमताई म्हणाल्या. "मले त सुई पाह्यली का चक्कर येते, पण येईन. मात्र त्या दिवशी निरजळी राहीन ना वं आपली. चालते का मंग?"

यमुताई निरांजनातली वात सारखी करत होत्या. वात सारखीच होती.

"दानाला काय," त्या म्हणाल्या, "दान केव्हाही चालतं."

"मंग त डबल पुण्य!" कुसुमताई टाळी वाजवून म्हणाल्या. "उपासाचं अलग, दानाचं अलग."

मंगळवारी पहाटे यमुताईंनी वाळूची पिंड केली, सोळा तऱ्हेची पत्री वाहिली. कहाणी वाचताना मात्र त्या अडखळल्या. या दिवशी जी खाईल-पिईल तिला पुढचा जन्म कसला मिळतो, ते त्या कहाणीत सांगितलंय. फळ खाल्लं तर वानरी, दूध प्यालं तर सर्पीण, पाणी प्यालं तर जळू. दरवर्षी त्या हे भराभर वाचून जायच्या. पण आज न खातापिताच आपल्यात काहीतरी वळवळतंय असं त्यांना वाटलं. पोथी कपाळाला लावून त्या उठल्या. गिरिधरला आदल्याच दिवशी दवाखान्यात भरती केलं होतं. त्याच्यापाशी बसतो म्हणून अनंतही रिक्षात सोबत निघाला.

रक्तपेढीच्या व्हरांड्यात हिरव्या बांगड्या आणि केसांतल्या गजऱ्यांची गर्दी झाली. तारानं मोठं पातेलंभर पोहे आणि वर ओतायला चण्याची रस्सेदार तर्री आणून ठेवली होती, रक्त दिल्यावर द्यायला. टेबलामागे पुष्पलता सिस्टर बसल्या होत्या.

"नाव? वय? काय खाऊन आलात?"

"काहीच नाही," कुसुमताई अभिमानानं म्हणाल्या. "पाणीबी नाही."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. "काहून?"

"हरतालिका नाही का आज!"

"आणि ह्या?"

"सगळ्याच."

"मग सगळ्याच घरी जा बाई," सिस्टर म्हणाल्या. "उपाशीपोटी मी रक्त घेतलं आणि एखादी धाडकन पडली तर जबाबदार कोण? इतक्या बायकांत एकीलाही कुणी सांगितलं नाही?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग हळूहळू सगळ्यांचे डोळे यमुताईंवर आले. त्यांना दोष द्यायला नव्हे, आता काय करायचं ते विचारायला. तारा हात जोडून एकीपासून दुसरीकडे जात होती. "घोटभर दूध तरी घ्या गं कुणी. एवढ्या एका वेळी मोडा. पाया पडते."

"हरतालिका कशी मोडायची वं?" एक म्हातारी म्हणाली. "धन्याच्या जिवाचं हाय."

"उद्या येऊ खाऊन," दुसरी म्हणाली.

"उद्या गणपती आहेत," सिस्टर म्हणाल्या. "उद्या इथं माझ्याशिवाय कुणी नसते."

यमुताई बाकावर बसून राहिल्या. बायका पदर सावरून निघायला लागल्या. घडावं असं वाटत होतं तेच घडत होतं, त्यासाठी बोटही उचलावं लागत नव्हतं. आता थंड वाटेल म्हणून त्या वाट पाहत होत्या. थंड काही वाटेना.

तारा येऊन शेजारी बसली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"ताई, हसशील तू मला. मीही आज पाणी घेतलं नाही. पहिल्यांदाच. तू करतेस तसंच करायचं म्हटलं."

यमुताईंना आधी संतापच आला. सांधा घेतला तो घेतला. उपास हा एवढा एकच दागिना आपल्यापाशी होता, तोही आज हिनं अंगावर घालावा?

"अनंता पंधरा वर्षं काढणार नाही म्हणत होते डॉक्टर," तारा पुटपुटली. "तू तुझ्या सोमवारांवर ओढून आणलंस त्याला इथवर. मला फार हेवा वाटायचा गं तुझा. गिरिधरला रक्त उतरलं, की वाटायचं, ताईजवळ निदान काहीतरी आहे. माझ्याजवळ काय आहे? मी आपली हसून वेळ मारून न्यायची."

यमुताईंनी मान वळवून धाकट्या बहिणीकडे पाहिलं. आपल्याजवळ कुणी हेवा करावा असं काही आहे, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि तेच आपण आज कशाच्या कामी लावलं, हे दुसऱ्या कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

त्या उठल्या. पातेल्यावरचं झाकण काढलं, बशीत पोहे घेतले, वर पळीभर तर्री ओतली आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांवर, जाणाऱ्या बायकांच्या वाटेतच मांडी घालून बसल्या. पहिला घास तोंडाशी नेला. यजमानांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. "सांभाळ रे बाबा त्यांना," त्या मनात म्हणाल्या आणि घास तोंडात घातला.

"यमुताई!" कुसुमताई किंचाळल्या. "कांदा हाय वं त्यात!"

"दिसतोय मला."

"अवं, चातुर्मास हाय!"

"तेही माहीत आहे."

"तुमचं रक्त त चालत नाही म्हनता. मंग तुमी काहून खाऊन राहिल्या?"

"मी खाल्ल्यावाचून तुम्ही कुणी खाल का?" यमुताईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. ऐकण्यासाठी बायका जवळ आल्या. "बसा. पाप लागलं तर माझ्या नावावर घाला. पोराचा पाय आहे."

मग कुसुमताईंनी पदर खोचला. "जळूच व्हा लागते त दोघी संगच होऊ बाप्पा. आना इकडं. तर्री जरा दाबून टाकजा, उपास मोडाचा त धड मोडू."

कुणीतरी फिस्कन हसलं. म्हातारी आणि तिच्यासोबतच्या चौघी-पाचजणी हात जोडून निघून गेल्या. बाकीच्या एकेक करत पायऱ्यांवर बसल्या. खाणं उरकल्यावरही सिस्टरनं त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं, पाणी पाजलं. दोघी-तिघींचं रक्त पातळ म्हणून नाकारलं. कुसुमताईंना सुई पाहून खरंच चक्कर आली. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हात पुढं केला.

तारानं बशी उचलली तेव्हा यमुताईंनी तिचा हात धरला.

"तू नको. तुझं रक्त इथं कुणाला लागत नाही. तुझा उपास तू पुरा कर."

"आणि तू मोडलास तो?"

"माझं मी पाहीन. आता उन्हात फिरू नको, तुला सवय नाही."

दुपारी सिस्टरनं सांगितलं की पुरेसं झालंय. तारा धावत गिरिधरच्या वॉर्डाकडे गेली. तिचं ते धावणं पाहताना यमुताईंच्या काळजात पुन्हा कळ आली. चांगली ओळखीची. तिला काही पोहे खाऊन उतार पडला नव्हता.

परतीच्या वाटेवर चितार ओळीत रिक्षा अडकली. दोन्ही बाजूंना रंगवलेले गणपती मांडले होते, लोक पाट डोक्यावर घेऊन उभे होते. अनंत कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन बसला होता.

"पोहे कसे होते?" त्यानं विचारलं.

"तिखट."

"आई, उपाशी चालत नाही, हे तुला माहीत होतं ना?"

यमुताईंनी नाकारलं नाही. "होतं."

"मलाही होतं," अनंत म्हणाला. "मावशी आली तेव्हा मी तिथंच होतो. तू बोलली नाहीस. मी म्हटलं, आई बोलत नाही तर मी काहून बोलू? आणि मघाशी वॉर्डात कुणी येऊन सांगितलं की बायका परत जाऊन राहिल्या, तेव्हा गिरिधरनं माझा हात धरला. मी म्हटलं, होईल रे काहीतरी. आणि मला बरं वाटत होतं, आई."

यमुताई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. गणित चोख आहे म्हणणारं, भावाच्या पाठीत थाप मारणारं त्यांचं समंजस लेकरू. पुढं कुणाच्या तरी पाटाला वाट मिळाली, रिक्षावाल्यानं पायडलवर पाय ठेवला.

"आधी सांगायचंस की रे," त्या म्हणाल्या. "एकटीच जळत बसले मी इतके दिवस."